दुसऱ्या कडव्याआधीची जागा

मी, खाली सही करणारा, धंद्याने ड्रमवादक, वयाने सत्तरीला टेकलेला, हे मृत्युपत्र राहत्या घराच्या मागच्या खोलीत बसून, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आहे ते ऑपरेशनचे. पुढच्या आठवड्यात माझे हृदय उघडणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण हे सांगताना ते माझ्याकडे न बघता कागद चाळत होते. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करण्याइतके काही आहे असे वाटले नव्हते.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा जिना, हे माझ्या थोरल्या बहिणीला द्यावे. यापुढे तिचा उल्लेख 'ताई' असा केला आहे, कारण दुसऱ्या नावाने मी तिला कधी हाक मारलेली नाही. ताई गायिका आहे. तिचे यजमान गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आणि त्याआधीपासून आजपर्यंत तिच्या गाण्याला ड्रम मीच वाजवले आहेत. मी लग्न केले नाही. रोज दिवेलागणीला घराबाहेर पडणाऱ्या माणसाला कोण मुलगी देणार? घरावर तिचा हक्क पूर्ण राहील. न्हाणीघराचा नळ बंद करताना फार पिळू नये, आटे गेलेले आहेत.

कलम २. बँकेत जे असेल ते ताईचे. मोजायला वेळ लागणार नाही.

कलम ३. ड्रमसेट, झांजांसकट, धाकट्या भावाला द्यावा. भाऊ मोठ्या कंपनीत होता. भेटला की विचारायचा, "अजून तेच चाललंय का?" ताईचा कार्यक्रम ऐकायला तो एकदाच आला, तोही मध्येच फोन घेऊन बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. अट एवढीच, की मोठा ड्रम त्याने दिवाणखान्यात ठेवावा, माळ्यावर टाकू नये. वहिनींना त्रास होईल याचे मला वाईट वाटते. त्या बिचाऱ्यांनी माझे काही वाकडे केलेले नाही.

कलम ४. आमचे कीबोर्डवादक मास्तर यांना काहीही देऊ नये. ऐन हंगामात ते आम्हाला सोडून दुसऱ्या ऑर्केस्ट्रा पार्टीत गेले. पुढे त्यांनी नवा कीबोर्ड घेतला, तेव्हा जुने वर्कस्टेशन, म्हणजे ठेके भरून ठेवता येतात तो कीबोर्ड, मला विकले. पण देण्याआधी स्वतः बसवलेले सगळे ठेके त्यातून पुसून टाकले. भाड्याची खोली सोडताना भिंतीतले खिळेसुद्धा उपटून न्यावेत, तसे. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार नाही तोच साक्षीदार होऊ शकतो. त्यामुळे मास्तर साक्षीदार आहेत.

कलम ५. सदर वर्कस्टेशन, त्याचा स्टँड, पायाचे पेडल आणि पेनड्राइव्ह ताईला द्यावे. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची पार्टी पूर्वी पाच जणांची होती. आता मी आणि ताई उरलो. रविवारी संध्याकाळी एका हॉटेलच्या जेवणघरात आम्ही वाजवतो. माझे ऑपरेशन ठरल्यावर मॅनेजर म्हणाले, "ताईंना आम्ही ठेवू की. पण साथ मशीनची चालेल, आणि मशीन त्यांना स्वतःला चालवता आलं पाहिजे." माणूस सरळ आहे. मला पैशाची तेवढी काळजी नाही. गेल्या वर्षी मी आजारी पडलो तेव्हा ताई गायली नाही, हे तर झालेच. पण ती भांडी घासताना गुणगुणायचीसुद्धा थांबली. घर इतके गप्प झाले की मला अंथरुणात भीती वाटायची. माझ्यामागे ते घर तसेच राहील, ही माझी खरी धास्ती आहे.

म्हणून मी यंत्र शिकायचे ठरवले, आणि नाक मुठीत धरून मास्तरांकडे गेलो. जन्मभर ड्रम बडवलेला माणूस मशीनचा ठेका शिकायला आला, याची त्यांना फार मजा वाटली. तरी शिकवले. रिदम पॅटर्न म्हणजे थोडासा ठेका भरून ठेवायचा; तो आपण थांबवेपर्यंत फिरत राहतो. आर्पेजिओ म्हणजे तीन सूर एकदम दाबायचे आणि यंत्र ते सुटे करून एकामागून एक, वर-खाली वाजवत राहते. होल्डचे बटण दाबलेले असले तर बोटे उचलली तरी थांबत नाही. हे मला घरी आल्यावर कळले. मी पाणी प्यायला उठलो आणि मागच्या खोलीत कोणी नसताना वाजतच राहिले. माझी छाती अशी धडधडली की मी सरळ प्लग उपटला. त्या दिवसाचे सगळे काम सेव्ह न करता गेले. तेव्हापासून मी सेव्ह करतो, पुन्हा करतो, आणि झोपायच्या आधी उठून बघून येतो.

ताईला फार बटणे नकोत. तिने डाव्या हाताची तीन बोटे ठेवायची आणि गायचे. कोणते सूर, हे कळावे म्हणून पट्ट्यांवर तिच्याच नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत. ते खरवडू नयेत.

अडचण दुसऱ्या कडव्याची होती. ताई पहिले कडवे संपवून दुसरे उचलण्याआधी थांबते. श्वास घेते. लोकांच्या ते लक्षातही येत नाही, कारण तेवढ्यात मी हात आवरतो आणि तिच्याकडे बघतो. तिने मान हलवली की पुढे. यंत्र कोणाकडे बघत नाही. ते पुढे निघून जाईल, ताई मागे राहील, समोर लोक जेवत असतील, या विचाराने माझी झोप उडाली. मी पॅटर्नमध्येच थोडी शांतता भरून ठेवली. पण पॅटर्न गोल फिरतो हे विसरलो. त्यामुळे ती शांतता ओळीच्या मध्ये, शब्दाच्या मध्ये, कुठेही येऊ लागली. ताई म्हणाली, "याला काय उचकी लागलीय का?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अहो, जागा ठेवायची तर वेगळा रिकामा पॅटर्न करा. पहिलं कडवं संपलं की मशीन त्याच्यावर जाईल आणि गप्प बसेल. ताईंनी पेडल दाबलं की दुसरं कडवं." ही युक्ती मला सुचली नसती, एवढे मी इथे लिहून देतो. कलम ४ तरीही कायम राहील.

तसे केले. ताईला पेडल दाखवले. ती दाबेना. रिकामी जागा यायच्या आतच दुसरे कडवे उचलायची, आणि यंत्र गप्प बसलेले असताना एकटीच पुढे गात जायची. मला वाटले, तिला जमणार नाही. मी चिडलो, आवाज चढवला, आणि मग माझ्याच छातीवर हात ठेवून बसलो.

काल मी हे मृत्युपत्र इथपर्यंत तिला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. श्वासाचा मजकूर आला तेव्हा तिचे हात थांबले.

"श्वास?" ती म्हणाली. "मला तिथे श्वास कधीच लागला नाही रे."

"मग थांबतेस कशाला?"

"तू मागे राहायचास. कडवं संपताना तुझा हात मंद व्हायचा. पहिल्या कार्यक्रमात झाला, मग दर वेळी व्हायला लागला. तू गाठेपर्यंत मी थांबायचे. तू बघितलंस की मान हलवायचे."

इतकी वर्षे मी तिला सांभाळून घेतो असे समजत होतो. लाज वाटली, आणि थोडे हायसेही वाटले. म्हणजे तिला यंत्राबरोबर अडणार नव्हते. मी म्हणालो, "मग तो रिकामा पॅटर्न काढून टाकतो. सरळ पुढे जाईल. तुझं अडणार नाही."

"काढू नकोस," ती म्हणाली. "घरी गाताना तू इथेच असतोस, म्हणून मी थांबत नाही. हॉटेलात तू नसशील, तर मला तिथे तुझ्याकडे बघायचं असेल."

मग तिने पुन्हा भाजी ओढून घेतली. मी मागच्या खोलीत जाऊन सेव्ह केले.

तरी सर्व संबंधितांना, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला आणि मास्तरांना विशेष करून, सूचना अशी की दोन कडव्यांच्या मधला तो पॅटर्न रिकामा दिसला तरी रिकामा आहे असे समजून पुसू नये.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. सही हलली आहे ती भीतीने. शुद्ध शाबूत आहे.

सही: मृत्युपत्र करणारा, ड्रमवादक

साक्षीदार १: मास्तर, कीबोर्डवादक. (माझ्यासमोर सही झाली. कलम ४ मधला मजकूर एकतर्फी आहे. पॅटर्न पुसणार नाही.)

साक्षीदार २: मॅनेजर, हॉटेल. (माझ्यासमोर सही झाली.)

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, कार्यक्रमाला निघण्यापूर्वी. आकड्यातली तारीख वकीलबाईंनी शिक्क्याखाली घालावी.