मी चहा सोडला

८ जुलै १९८५, सोमवार
सव्वीस तारखेला विस्तार अधिकारी येणार. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी यंदा माझेच नाव जायला हवे. दुसरा लायक माणूस तालुक्यात आहे कुठे? संकल्प : पहिलीच्या तेवीस पोरांना परिसर भेटीला न्यायचे. बौद्धवाडासुद्धा दाखवायचा. मी जात मानत नाही. विद्यापीठाच्या नामांतरालाही माझा पाठिंबा आहे. अजून कोणी विचारले नाही, एवढेच.

१० जुलै, बुधवार
परिसर भेट झाली. छत्री एकच, ती मी घेतली. मास्तर आजारी पडला तर वर्गाचे नुकसान. बौद्धवाड्यापाशी पावसाने गाठले. पोरे सरळ पंडितच्या घरात घुसली. पंडित माझ्याच वर्गातला. त्याची आजी चांगुणाबाई म्हणाली, गुरुजी, आत या की, भिजायलाव. मी लिंबाखालीच थांबलो. पायांना चिखल होता.

तिने सगळ्यांना चहा केला. पोरांना पितळ्यांत, आणि माझ्यासाठी घरातली एकुलती एक कपबशी काढली. पंडित कपावर बशी पालथी घालून पावसात घेऊन आला. म्हणालो, माझा उपवास आहे. लिंबाजी पाटलांची चतुरा दारातून ओरडली, उपासाला च्या चालतो की गुरुजी, माझी माय पेती! मग म्हणालो, मी चहा सोडला. तरी पंडित हलेना. कप धरून भिजत उभा. हट्टी आहे. घरचे वळण नाही.

११ जुलै, गुरुवार. मधली सुट्टी
गुरुजींनी चहा सोडला, हे पोरांनी गावभर केले. हेडमास्तरांनी कौतुक करून माझा कप स्वतःच प्यायला. डोके ठणकते. पंडितला ताप आहे म्हणे. पावसात उभे राहायला कोणी सांगितले होते?

२० जुलै, शनिवार
शेजारच्या झरी गावाला गेलो. हॉटेलात भिंतीकडे तोंड करून लागोपाठ तीन कप. वळलो तर रस्त्यावर चांगुणाबाई. पंडितला खांद्यावर टाकून दवाखान्यात निघाली होती. तिने मान खाली घातली. पोरगा मात्र बघत होता. तापात काय दिसणार?

२६ जुलै, शुक्रवार
साहेबांनी विचारले, परिसर भेटीत काय कळले? पंडित उठला. अंगात नुसती हाडे. म्हणाला, गुरुजी आमच्या घरी च्या पेत न्हाईत, झरीत पेतेत. साहेबांनी पेनाला टोपण लावले. शाई संपली असावी.

२७ जुलै, शनिवार
मन मोठे केले. पंडितला माफ करायचे ठरवले. वर्गासाठी लिमलेटच्या गोळ्या नेल्या, पहिली त्यालाच दिली. हाताची घडी घालून म्हणाला, गुरुजी, माझा उपास हाय. चतुरा म्हणाली, माझाबी. मग सगळ्यांचाच निघाला. म्हणालो, अरे, उपवासाला गोळी चालते. चतुरा म्हणाली, मग आमी गोळ्या सोडल्या.

तेवीसपैकी एकानेही घेतली नाही. लय लाज वाटली. घरी येईपर्यंत वाटत होती. मग बायकोने चहा दिला. प्यालो.