रोसाउराचा पांढरा रंग

चांकाय, ३ मार्च १९८१

चि. निएवेस हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिसेआधी तिच्या नावाची होडी पांढरीशुभ्र रंगवली. तीन दिवसांत ‘रोसाउरा’ काळीठिक्कर! अस्सल शिशाचा म्हणून तो रंग आणून दिला कोणी? तुझ्या धर्मपित्याने, फिदेन्सियोने. भर मासळीबाजारात मी त्याला भेसळखोर चोर म्हटलं. तीस वर्षं आम्ही एकच जाळं ओढलं. आता तो होडीत पाय ठेवत नाही, आणि एकट्याने जाळं वर येत नाही. त्यात समुद्राला सडक्या अंड्यांची घाण सुटलीय. तू त्या संशोधनाच्या बोटीवर बाटल्यांत पाणी भरत बसतेस, त्याने कधी कुणाचं पोट भरलंय का गं? वेळेवर जेवत जा.

तुझा बाप,
एलेउतेरियो

कायाओ, ९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

बाबा, हे काय करून बसलात! आमच्या बाटल्यांतल्या खोल पाण्यात प्राणवायू औषधालाही नाही. तिथले सूक्ष्मजीव श्वासासाठी नायट्रेट वापरतात, म्हणजे समुद्राचं खतच. त्यातला नायट्रोजन सुटा होऊन हवेत जातो. हवेवाचून कसे जगत असतील हो, मला तर झोप येत नाही! यंदा त्यांनी नायट्रेट फस्त केलं. मग दुसऱ्या जंतूंची पाळी आली; ते सोडतात तो तुमचा सडक्या अंड्यांचा वायू. तो शिशाला लागला की शिसं काळं पडतं. म्हणजे रंगात अस्सल शिसं होतं. फिदेन्सियोकाकांनी खडूची भेसळ केली असती, तर होडी पांढरीच राहिली असती!

पटत नसेल तर जखमेवर फेसाळणारं औषध आणून डागावर चोळा; शिसं असेल तर डाग पुन्हा पांढरा होईल. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
निएवेस

चांकाय, १६ मार्च

चि. निएवेस, आशीर्वाद.

चोळलं. आईच्या नावाखालचा हातभर भाग पांढरा झाला. मी वाळूत बसून राहिलो.

बाटली घेऊन फिदेन्सियोकडे गेलो, तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याने विचारलं की भर बाजारात चोर म्हणालास, तो डाग या औषधाने जाईल का. मी म्हटलं, नाही जायचा.

म्हणून आज बाजार भरल्यावर त्याच जागी उभा राहून ओरडलो की फिदेन्सियोचा रंग अस्सल आहे आणि एलेउतेरियो गाढव आहे. कोळणी पोट धरून हसल्या. तो हसला नाही. मासे न घेताच निघून गेला.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो, तर तो फडकं घेऊन आधीच होडी पुसत होता. मला म्हणाला की उभा काय राहिलास, दुसरी बाजू घे.

तुझ्या जंतूंना माझा नमस्कार सांग. आमच्यावरचा जीव असाच राहू दे.

तुझा बाप,
एलेउतेरियो