आत्याबाईंची उघडीप

१९ ऑगस्ट, मंगळवार

वीस वेळा! आज मोजलंच. वीस वेळा आत्याबाईंनी मला ढग दाखवायला लावले. सासूबाई आहेत माझ्या, आजारी, खाटेवर — मान्य. पण मी सहापासून उभी. भाकरी, त्यांचं औषध, त्यांची अंघोळ, मग पालमची बस. आणि मधे मधे एकच — "सुकेशनी, दाव की गं, ढग कुठवर आले."

चूक माझीच. ते रडारचं ॲप मी घेतलं माझ्यासाठी. शाळेच्या ऑफिसातून कधी निघायचं, फाट्यावर उतरून घरी पोचेपर्यंत सर गाठते का, एवढंच बघायला. हिरवं म्हणजे भुरभुर, पिवळं म्हणजे छत्री, लाल म्हणजे ऑफिसातच बसून राहायचं. एकदा हौसेनं आत्याबाईंना दाखवलं. संपलं!

२१ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसात तीन फोन. नवरा माझा, धम्मानंद, सोयाबीन सोडून आईपाशी बसलाय आणि विचारतोय — गंगाखेडकडचा लाल पट्टा आपल्याकडं यायलाय का लोह्याकडं जायलाय? मी हेडमास्तरांसमोर कुजबुजत हवामान सांगते. तुझ्याकडंही फोन आहे, तूच बघ की! तर म्हणे, आईला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

टॉवर बंद. रेंज नाही. तरी सात वेळा विचारलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज विचारून टाकलं. शेत तुमचा मुलगा बघतो, कपडे मी वाळवते, तुम्हाला खाटेवर पडून पावसाचं काय पडलंय?

भिंतीकडं बघत बोलल्या. एकोणीस वर्षांपूर्वी मामा — सटवाजी, माझे सासरे — ऐन श्रावणात गेले. मी तेव्हा या घरात आले नव्हते. आमच्या वस्तीच्या स्मशानभूमीवर शेड नाही. तेव्हाही नव्हतं. सरण तीनदा पेटवलं, तीनदा विझलं. रॉकेल संपलं. माणसं भिजून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आत्याबाई राख भरायला गेल्या. राख नव्हती.

"उघडीप असंल तवा जावं म्हणते मी," म्हणाल्या. "तू बघत जा."

त्या यातून उठायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलेलं. त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

जेवण गेलं नाही. आणि रागही आला. हे आधी सांगता येत नव्हतं?

२६ ऑगस्ट, मंगळवार

रजा टाकून ग्रामपंचायतीत गेले. शेडचा प्रस्ताव 'वर' गेलाय. कधी गेला? कागद सापडेना. मग म्हटलं, गावाच्या स्मशानभूमीवर पत्र्याचं शेड आहे, निदान पावसात ते वापरू द्या. कारकून कपातला चहा हलवत बसला. म्हणाला, ताई, कशाला उगाच वाद? तुमचं तिकडं आहे ना.

तिकडं काय आहे? बाभळी!

२९ ऑगस्ट, शुक्रवार

तीन दिवस नुसतं लाल. डॉक्टर येऊन गेले. आता फार दिवस नाहीत म्हणाले.

दुपारी पट्टा तुटला. दोन तास कोरडे दिसत होते. मी तसं सांगितलं. आत्याबाईंनी डोळे मिटले, दोन्ही हात छातीवर ठेवले. मी एका बाजूला, धम्मानंद दुसऱ्या बाजूला. पाऊण तासानं त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, चहा टाक.

हसावं का रडावं! वर त्या ॲपचं पण खोटं. चहा उकळेपर्यंत धो धो. नकाशा कोराच, आणि अंगणात तळं. दहा मिनिटांनी त्यात लाल उमटलं. आता उमटून काय उपयोग?

३० ऑगस्ट, शनिवार

आज माझ्या तोंडून गेलं.

दूध उतू गेलं, बस चुकली, आणि खाटेवरून पुन्हा ढग. ऑफिसातली राजेश्री परवाच सांगत होती, तिच्या सासऱ्यांनी परभणीच्या मेडिकल कॉलेजला देहदान केलं. ते डोक्यात होतं. मी ओरडले — "द्या मग देह कॉलेजला! ना सरण, ना पाऊस, ना माझ्या डोक्याला ताप!"

धम्मानंद ताटावरून उठून गेला.

मरायला टेकलेल्या बाईला मी असं बोलले. मी.

३१ ऑगस्ट, रविवार

दिवसभर आत्याबाईंनी ढग विचारले नाहीत. एकदाही नाही. मीच चारदा फोन घेऊन गेले. चारदा तोंड फिरवलं.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळीच हाक मारली. ते कालिजाचं कसं असतंय, म्हणाल्या. मी पाय धरले, रागात बोलले, विसरून जा म्हटलं.

"अगं, मी रागानं न्हाई इचारत. सांग की."

मग राजेश्रीनं सांगितलं तेवढं सांगितलं. नवीन डॉक्टर त्यावरच शिकतात. पहिल्या दिवशी पोरंपोरी सगळी हात जोडून उभी राहतात.

"साळंत कुणी घातलं न्हाई मला," म्हणाल्या. "कालिजात तरी जाते."

धम्मानंद बाहेर जाऊन उभा राहिला. पावसात. बिनछत्रीचा.

४ सप्टेंबर, गुरुवार

फॉर्म. दोन साक्षीदार, फोटो, आधारची झेरॉक्स. पालममधली तिन्ही झेरॉक्सची दुकानं लाइट नाही म्हणून बंद! घरी आले तर आत्याबाई अडून बसलेल्या — अंगठा देणार नाही, सही करणार. 'सुलाबाई' शिकवायला दीड तास. 'सु'चा उकार दर वेळी उलटा. शेवटी रागानं माझ्याच हातातून पेन ओढून घेतला आणि केली. तशीच, उलट्या उकाराची.

९ सप्टेंबर, मंगळवार

लाल पट्टा थेट गावावर. सवयीनं दाखवायला गेले. ठेव ते, म्हणाल्या, मला दारात बसव. बसवलं. तासभर पाऊस बघत राहिल्या. पाय भिजले, लुगडं भिजलं, हलायचं नाव नाही. आत चला म्हणून मी घसा कोरडा केला. सर्दी झाली तर? ऐकतंय कोण!

एकदाच बोलल्या — लय ग्वाड पडायलाय.

१४ सप्टेंबर, रविवार

आत्याबाई दुपारी एक वाजता गेल्या. मुसळधार चालू होता. परभणीच्या कॉलेजची गाडी फाट्यावरच थांबली, चिखलात पुढं येईना. धम्मानंदनं आणि भावकीतल्या तिघांनी खाट खांद्यावर घेतली. मी ताडपत्रीचं टोक धरून शेजारी चालले. पाऊस वाढतच होता. वर आभाळाकडं कुणीच बघितलं नाही.