अख्ख्या पट्ट्या

१२ जुलै २०२५, शनिवार
नऊ हजार! नुसत्या गोळ्यांचे! मेडिकलच्या काउंटरवरच घाम फुटला मला. ह्यांच्या काळजात स्प्रिंग टाकली ते सरकारी योजनेत फुकट झालं, पण गोळ्या आपल्या आपण घ्यायच्या. जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "या जड गोळ्या तीन महिने. रोज. एक दिवस खाडा नको. मग साध्या देतो." म्हणजे सगळा भार या तीन महिन्यांतच!

मेडिकलवाला कल्याण माझ्या अंगणवाडीतलं पोरगं. त्याचं नाक मी पुसलंय. म्हणला, "मावशी, टेन्शन घेऊ नका. गोळ्या आताच सगळ्या न्या, पैसे सहा महिन्यांत द्या. महिन्याला दीड हजार. व्याज बिलकुल न्हाई."

"अन् डॉक्टरनं मधीच गोळी बदलली तर?"

"अख्खी पट्टी असंल तर वापस घेतो. कापलेली न्हाई. तेवढं सांभाळा."

लई गुणाचं पोरगं.

१३ जुलै
हे फुगून बसले. उभा जन्म एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमधी भट्टीपुढं काढला, पण चहासुद्धा कधी उधार पेले न्हाईत — त्याचा केवढा तोरा! म्हणे, "पैसे फिटल्याबिगर वस्तू आपली न्हाई." मी म्हणलं, "काळीज तरी आपलंय ना?" हसले. मंग म्हणले, "बरं. डबा माझ्याजवळ दे. गोळ्यांचं माझं मी बघतो."

इतक्या जल्दी मानतील असं वाटलं नव्हतं.

१२ ऑगस्ट
दुसरा हप्ता दिला. हे स्वतः गेल्ते, इस्त्रीचा सदरा घालून!

२४ ऑगस्ट, रविवार
विहारात वर्षावासाचं वाचन चालू हे. दरवर्षी ग्रंथ हेच वाचतात, खणखणीत आवाजात. आज दोन पानांतच दम लागला. ग्रंथ शेजारी बसलेल्या कांताबाईच्या हातात दिला अन् म्हणले, चष्मा घरी विसरला. चष्मा तर नाकावर होता! बाया हसल्या. मला न्हाई हसू आलं.

६ सप्टेंबर
सकाळी हंडा उचलला अन् छातीला हात लावून खाली बसले. माझं डोकंच फिरलं. तडक मेडिकलवर गेले, भरबाजारात कल्याणला बोलले — "हप्त्यावरच्या म्हणून हलक्या गोळ्या दिल्या का रे?" चार गिऱ्हाइकांपुढं! पोरगं तरी रागावलं न्हाई. गाडी काढून माझ्यासंगं घरी आलं. "मावशी, पट्ट्या दाखवा बरं."

डबा उघडला. नऊ पट्ट्यांतल्या सहा अख्ख्या! एव्हाना तीनच उरायला पाहिजे होत्या!

हे मान खाली घालून म्हणले, "महिन्याला तीन हजाराच्या गोळ्या, अन् निम्मेच पैसे देऊन राह्यलो. मंग निम्म्याच खातो. एक दिवसाआड."

"काका, हा काय किराणा हे का!" कल्याण ओरडलाच. तिथूनच डॉक्टरला फोन लावला. आजपासून रोज एक, एकदम दोन घ्यायच्या न्हाईत, सोमवारी घेऊन या, असं डॉक्टरनं सांगितलं.

तो गेल्यावर हे हळूच म्हणले, "मधीच माझं काही झालं, तर अख्ख्या पट्ट्या वापस देता येतील. तुझ्या डोक्यावर हप्ता नको."

इतकी रडले, इतकी चिडले! म्हणलं, आग लागो त्या हप्त्याला. तुम्ही नसल्यावर मी त्या पैशाचं काय लोणचं घालू? माझ्यासाठी हा माणूस रोज थोडा थोडा मरून राह्यला होता, अन् मी समोर बसून भाकऱ्या थापत होते.

८ सप्टेंबर, सोमवार
डॉक्टरनं चांगलं झापलं. म्हणाले, नशीब समजा, वेळ गेली नाही अजून. पण आता खाडा नको. हे शहाण्या पोरासारखी मान हलवत होते. येताना जीपमधी म्हणतात कसे — "एखादी पट्टी तरी अख्खी राहू दे."

ह्यांच्या मान हलवण्यावर माझा भरवसा न्हाई.

९ सप्टेंबर
हे दाढीला गेल्ते तेव्हा कात्री घेतली. सगळ्या पट्ट्या कापल्या, एकेक गोळी सुट्टी केली. आता कल्याण वापस घेत नसतो! खायच्या अन् जगायचं, दुसरा इलाजच ठेवला न्हाई.

आल्यावर ह्यांनी डबा उघडला. सुट्ट्या गोळ्या बोटानं चाळल्या. मंग पाणी मागितलं.