काठावर टेकवलेलं शेपूट

तीर्थस्वरूप लोरेटाताईस,

धाकट्या ड्वाइटचा साष्टांग नमस्कार. (हल्ली सिमेंटवर रोजच घालतो, त्यातला एक तुझ्या नावाचा समज.) इकडे आम्ही उभयता ठीक, म्हणजे मार्लीन ठीक आहे आणि मी घाबरलेला आहे. तुझ्या नव्या खुब्याची खुशाली कळवावी. जुना खुबा डॉक्टरांनी घरी न्यायला दिला का, असं मार्लीन विचारते. तिला भलत्या चौकशा फार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी अंगणात बसून स्केटच्या फळीच्या चाकांना तेल घालत होतो. तू लिहितेस, ऑक्टोबरात येते, डॉक्टर हो म्हणालेत (कशाला हो म्हणालेत, ते तू मोठ्या खुबीने लिहिलेलं नाहीस), चांगलासा खोल स्केटपार्क बघून ठेव, लहानपणासारखं आधी मी उतरीन आणि मागून तू! तेलाची बाटली माझ्या हातातून पडली ती पडलीच. अगं, चौसष्टाव्या वर्षी माणसं ओरेगनहून इकडे येतात ती ऊन खायला. तू येतेस ती सिमेंटच्या कढईत स्वतःला लोटून द्यायला. आणि ती कढई निवडायची कोणी? तर गेल्या वर्षी ज्याचं कोपर मोडलं आणि तेव्हापासून जो खोल बाजूच्या काठापासून दोन हात लांब उभा राहून इतरांना शाबासकी देतो, त्याने! तरी थोरलीची आज्ञा म्हणून मार्लीनला आणि फळीला गाडीत घातलं आणि निघालो.

पहिला पार्क समुद्रकाठचा. वारा सुरेख, कढई गोलगरगरीत, समोर पेलिकन बसलेले. पण तिथे वाळू उडते, आणि चाकाखाली वाळूचा कण आला की चाक थांबतं, माणूस थांबत नाही. शिवाय ढकलस्कूटरवाली पोरं. त्यांना नंबर नावाचा प्रकारच ठाऊक नाही, ती माशांसारखी कुठूनही येतात आणि तुमच्या नाकावर बसून जातात. नापास. दुसरा डोंगरापलीकडचा, वाळवंटाच्या तोंडाशी. सिमेंट इतकं गुळगुळीत की मला हात फिरवायचा मोह आवरेना (फोड अजून आहे, दुपारी ते तव्यासारखं तापतं). भिंती वर जाऊन आत झुकलेल्या. वाकून खाली बघत राहिलो. तेवढ्यात मार्लीन गाडीतून ओरडली, "अरे, उतरतोयस की खोली मोजतोयस? पाणी नाहीये त्यात!" नापास. तिसरा चर्चच्या मागचा, लाकडी. तिथले पाद्रीबुवा स्वतः गुडघ्यांना पॅड बांधून खेळतात, भला माणूस. फक्त नवीन माणूस आला की आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. माझ्यासाठी जरा जास्तच वेळ केली. मी हळूच डोळे उघडले, तर तेही एका डोळ्याने माझ्या कोपराकडे बघत होते. मी आभार मानून निघालो.

राहिला आपल्या गावचा. तो तू गेल्यावर झाला. बांधणाऱ्यांत आपल्या वेळची पोरं होती (पोरं म्हणजे आता सगळे टकले), आणि त्यांनी हट्टाने हॅल्व्हरसनबाईंच्या परसातल्या पोहण्याच्या तलावाची नक्कल उतरवली आहे. तोच राजम्याच्या दाण्यासारखा आकार, काठाखाली त्याच निळ्या फरशा. दुष्काळात गावातले तलाव कोरडे पडले आणि आपण कुंपणांवरून आत शिरायचो, आठवतं? तू आधी उतरायचीस आणि तळातून मला ओरडायचीस, "मागे झुकू नकोस रे शेळपटा! पुढच्या पायावर भार टाक!" ते सगळं बघता बघता मी थेट काठाशी कधी पोचलो, कळलंच नाही.

आता खरं संकट ऐक. रविवारची सकाळ, काठावर पाचसहा जण. माझा पॅड सैल झाला होता, तो ओढायला मी वाकलो, आणि फळी घरंगळू नये म्हणून तिचं शेपूट काठावर टेकवून त्यावर पाय ठेवला. नुसता ठेवला गं! पण नियम तूच शिकवलेला: ज्याचं शेपूट काठावर, त्याचा नंबर. सगळी चाकं एकदम गप्प झाली. माझ्या शेजारी मूस नावाचा प्लंबर होता, मानेपर्यंत गोंदलेला, दोन माणसांचा ऐवज. त्याने उचललेला पाय मागे घेतला.

"या काका, नंबर तुमचा."

"नाही नाही, तुम्ही व्हा पुढे. मी पॅड ओढतोय."

"ओढा की सावकाश. आम्हाला कुठे जायचंय?"

शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी गेलो असतो. पण ती माणसं मान देत होती! पलीकडे कुणीतरी कुजबुजलं, "जुन्या तलावांतले आहेत, बघ आता." शेपूट घालून पळावं, तर शेपूट काठावर. कोपर आपोआप दुखायला लागलं. शेवटी डोळे मिटले, तुझी शिवी आठवली आणि पुढच्या पायावर भार टाकला. उतरलो, ताई! समोरच्या भिंतीवर चढलो, निळ्या फरशांना चाकं लागली, आणि सगळ्यांनी काठावर फळ्या आपटून गजर केला.

तर सर्व पार्क पाहून माझं नम्र मत असं, की आपण दोघांनी बाकावर बसून बरिटो खावा. थोरामोठ्यांस नमस्कार (तुझ्याहून थोर आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा तूच घे).

तुझा,
ड्वाइट

ता. क. मार्लीनने पत्र वाचलं. ती म्हणते, फरशांचं वाक्य खोडून टाक. अर्ध्या भिंतीवर मी मागे झुकलो आणि गुडघ्यांवर घसरत तळाशी आलो. फळ्या मात्र त्यांनी खरंच आपटल्या, आणि मूसने हात देऊन वर ओढलं.

ता. क. पुन्हा. माझ्या कोपराची भीती जुनी आहे, तिच्यासोबत मी जेवतो, झोपतो. पण त्या तळाशी गुडघ्यांवर बसून वर बघितलं, तेव्हा काठावर मला तू दिसलीस, नव्या खुब्यासकट. तेव्हापासून घास उतरत नाही. तू ये. पार्क आपल्या गावचाच ठरवला आहे, दुसरा तुला पसंत पडणारच नाही. फक्त एवढं ऐक, आधी मला उतरू दे. मी तळाशी थांबतो.

ता. क. शेवटचं. तू ऐकणार नाहीस. म्हणून आधीच सांगून ठेवतो. कुणाच्या नंबरात घुसण्याएवढं नीच काम नाही, हे तूच शिकवलंस, आणि जन्मात मी कधी घुसलो नाही. तू शेपूट टेकवलंस की तुझ्या नंबरात घुसणार आहे.