झिजलेला ळ

काचीगुडा, गुरुवार, दिवेलागण

आज आईने माझ्या कलाकृतीने अंघोळ केली. उद्या प्रदर्शनाची मांडणी, चंदनी साबणांवर कोरलेली सगळी मुळाक्षरं तयार, आणि ळ न्हाणीघरात! तिथे वाळत ठेवला होता, चूक माझीच.

“आई, त्यावर ळ होता!”

“होता की. हौली आहेस का गं, खुळी कुठली? तुझे बाबा साबणावर अक्षर काढून द्यायचे ते काय बघत बसायला?”

शाळा इंग्रजी, गल्लीत उर्दू-तेलुगू. मराठी मी बाबांकडून न्हाणीघरात शिकले. ते नव्या साबणावर खिळ्याने एक अक्षर कोरायचे. त्यावरून बोट फिरवत मी रोज हात धुवायचे. “झिजलं म्हणजे आलं,” म्हणायचे, मग पुढचं अक्षर. ते गेल्यावर याच आठवणीने मी कोरायला बसले. आणि आज करणार काय होते? सगळ्यांवर वार्निश, टिकावीत म्हणून. पण मग फेस येणार नाही, चंदनाचा वासही नाही. बाबांचं त्यात काय उरतं? की पुन्हा काही झिजून जाईल, याचीच मला भीती?

नवा ळ कोरायला वेळ होता. कोरला नाही. आईच्या त्या साबणाने हात धुतले. डोळ्यांना काही दिसेना, पण बोटाला ळची दोन्ही वळणं लागली.

हाच मांडायचा. वार्निश नाही. शेजारी बादली आणि तांब्या ठेवीन, आईला सांगितलं.

“आणि टॉवेल? लोक काय ओल्या हातांनी घरी जातील?”