तुमच्या नातवाचा इको

आबा, आज मिरजेत तुमच्या नातवाचा इको केला. छातीवर थंडगार जेल लावायचं, प्रोब फिरवायचा आणि आत हृदय कसं चालतंय ते पडद्यावर बघायचं. मुलांची हृदयं बघणं हेच माझं काम. पण याच्या छातीवर प्रोब ठेवला की दर वेळी मला तुमचा राग येतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो कमी झालेला नाही.

ताईचं लग्न ठरवलंत तो दिवस आठवतो. साताऱ्याकडचं आपलं घर, आत आई भाकरी थापतेय, ताई दाराआड उभी, आणि फौजेतून पेन्शनीत आलेले तुम्ही सुभेदार बाहेरच्या सोप्यात बसून हुकूम सोडताय. "भाच्याचा हक्क हाय. पोरगी माझ्या भनीच्या घरात जाती, परक्याच्या न्हाई." ताई एवढंच म्हणाली, "आवं आबा, मला शिकायचं हाय." तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाही. ती तासगावला आत्याच्या घरी गेली. पोरगा झाला तो पोट फुगलेला, जरा उपाशी राहिला की गळून पडणारा. तेव्हा चारचौघांत तुम्ही तिला ऐकवलंत, "आमच्या खानदानात असलं न्हाई. तुझ्याच पोटाचा दोष."

आता ऐका. हा आजार दोन्हीकडून यावा लागतो, अर्धा आईकडून, अर्धा बापाकडून. शरीरात साठवलेली साखर पुरती मोकळी होत नाही, ती यकृतात, स्नायूंत, हृदयात साचत राहते. ताईचा अर्धा वाटा तुमच्याकडून आला, दाजींचा आत्याकडून. दोन्ही तुमच्याच खानदानातले. हे कळलं तेव्हा तुम्हाला उठवून समोर बसवावं आणि ताईदेखत ऐकवावं, असं वाटलं मला.

आणि तुमचं तेवढ्यावर भागलं नाही. धड चालताही येत नव्हतं त्या पोराला, तेव्हापासून त्याच्या कानात भरती भरलीत. "आपल्या घरातला गडी पळालाच पायजे." आता तो कॉलेजात आहे. ताई अजून झोपायच्या आधी त्याला कच्चं कॉर्नस्टार्च पाण्यात कालवून पाजते, त्यातली साखर हळूहळू सुटते, त्यावर त्याची रात्र निघते. आणि त्याला भरतीला पळायचंय. आजचा इको त्यासाठीच होता.

वरवर बघितलं तर हृदय रक्त नीट फेकतंय. पण भिंत मागच्या खेपेपेक्षा जाड झालीय, आणि आकसताना ती किती आखूड होते हे मोजलं तर ते कमी भरलं. अशा मुलांत बिघाड बऱ्याचदा आधी तिथंच दिसतो.

"मावशी, पळायला चालंल न्हवं?"

"न्हाई रं राजा."

शर्टाची बटणं लावता लावता तो थांबला. "मग आबांना काय वाटलं आसतं?"

तुम्हाला काय वाटेल याची काळजी त्या पोराला! तुम्ही जिवंतपणी कुणाची केली होती?

मी म्हणाले, "आबा आसते तर त्यांनीच तुला आडवला आसता. म्हनले आसते, वर्दीचं काय, पोरगं जगलं पायजे." त्याला ते पटलं. हसला सुद्धा. ताई शेजारीच उभी होती, तिने त्याची राहिलेली बटणं लावली.

तुम्ही असं कधीच म्हणाला नसता. हे पत्र कुठे धाडायचंही नाही, म्हणून कबूल करते: तुम्हाला माफ करायची माझी इच्छा नाही, आणि तरी आज त्या पोरासाठी मी तुम्हाला चांगला माणूस करून टाकलं.